तासाभरात जाळी? आधी भोकं मोजा

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘स्क्रोल सॉ आणा. तासाभरात देव्हाऱ्याची जाळी, दिवसाला पाच नावाच्या पाट्या, पॉलिश दहा मिनिटांत. धूळ नाही, हॉलमध्ये बसून महिना ३०,०००.’ स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पातं वरखाली चालवून लाकडात नक्षी कापणारं मशीन. मी वाचून सोडूनही दिला असता. पण आमच्या वहिनींनी तो खरा मानला आणि अर्ध्या कोथरूडकडून गणपतीआधी पाट्या द्यायच्या बोलीवर आगाऊ पैसे घेतले. आता गप्प बसणं शक्य नाही.

तासाभरात जाळी म्हणणाऱ्याने आयुष्यात जाळी कापलेली नाही. जाळीतली प्रत्येक मोकळी जागा चारी बाजूंनी बंद असते, पातं बाहेरून आत शिरू शकत नाही. म्हणून आधी तिथे ड्रिलने भोक पाडायचं, पातं वरच्या पकडीतून सोडवायचं, भोकातून ओवायचं, परत आवळायचं, ताण द्यायचा आणि मग कापायचं. पुढच्या भोकाला हेच सगळं पहिल्यापासून. हात बसलेल्या माणसालाही ओवाओवीला मिनिटभर लागतं. वीतभर जाळीत १०० भोकं सहज असतात, म्हणजे १०० मिनिटं नुसती पातं ओवण्यात गेली. कापणं, ड्रिलिंग, नक्षीचा कागद चिकटवणं, नंतर तो सोलणं, मागची कूस पॉलिश पेपरने घासणं हे सगळं वेगळंच. स्वस्त मशीन असेल तर त्यात फक्त पिनवालं, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेलं पातं बसतं. पिन जायला साधारण पाच मिलिमीटरचं भोक लागतं, मग बारीक नक्षी विसराच. वेळ लाकडाच्या आकारावर ठरत नाही, भोकांवर ठरतो. तळहाताएवढी नाजूक जाळी हातभर साध्या पाटीपेक्षा जास्त वेळ खाते.

मेसेजात पुढे आहे, ‘स्पीड वाढवा, वेळ निम्मा.’ वाढवा की! सागवानाची कड काळी पडते. घाईने लाकूड रेटलं तर पातं वाकतं, काप तिरका जातो, नाहीतर पातं तुटतं.

‘चार प्लाय एकावर एक ठेवून कापा’ यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. तीन मिलिमीटरच्या चार फळ्या टेपने बांधल्या की भोकं एकदाच पाडायची, पातं एकदाच ओवायचं. बारा मिलिमीटर जाडीत पातं हळू चालतं, तरी वेळ वाचतो. पण हे चार सारख्या नगांना. वहिनींकडे जोशी आहेत, कुलकर्णी आहेत, शिंदे आहेत; ते एका गठ्ठ्यात कापणार कसे? शिरोरेषेमुळे अक्षरं एकत्र राहतात हे नशीब, पण शिंद्यांचा अनुस्वार सुटून पडतो, तो वेगळा कापून चिकटवावा लागतो.

पॉलिशचं काय सांगू! सीलर म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला हात, मग घासणं, पुन्हा हात, आणि मध्ये वाळायला वेळ. जवसाच्या तेलाचा हात असेल तर एक दिवस धराच, श्रावणातल्या दमट हवेत त्याहून जास्त. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

सगळ्यात राग आला तो ‘धूळ नाही’ला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली आहे, मुख्यतः नाकाच्या कर्करोगामुळे. तो निष्कर्ष वर्षानुवर्षं कारखान्यात काम केलेल्यांवरून निघाला. एका पाटीने कुणाला काही होत नाही, मान्य. पण रेघ दिसावी म्हणून या मशीनला फुंकणी असते, ती बारीक भुसा हवेत उडवते. आणि हे लोक सांगतात हॉलमध्ये बसा, जिथे नातू गालिच्यावर खेळतोय! गॅलरीत बसा, मास्क लावा.

राहिले ३०,०००. ते रोज पाच पाट्या धरून काढलेत, त्यात रविवारही आहेत. मोडणारी पाती, फुकट गेलेला प्लाय, टिंबर मार्केटच्या फेऱ्या कशाचाच खर्च धरलेला नाही. विजेचा मात्र धरलाय, महिना ५० रुपये.