किती जण सुटले?

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार आहे आणि एका अंगठ्याने टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमची गुरुवारची कार्यशाळा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. दारू, गोळ्या, जुगार, काहीही असो, ज्याला सुटायचंय तो येतो. त्याच्यापायी ज्यांचं घर पोळलंय तेही येतात. माती, कागद, रंग, एखाद्या दिवशी नुसतंच गाणं. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. हॉलची मुदत संपत आली म्हणून आज कमिटीपुढे गेलो होतो. एका गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "उपक्रम छानच आहे. पण आत्तापर्यंत किती जण सुटले?"

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे आकडा काय? नुसती चित्रं काढून दारू सुटते होय?"

शेजारच्या बाई हसल्या. मोठ्याने नाही, नाकातून. आणि हॉल पुढच्या महिन्यापासून दुसऱ्यांना.

अहो, चित्रं काढून दारू सुटते असं म्हटलंय कोणी? दारू सोडवायला डॉक्टर आहेत, औषधं आहेत. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येते, भ्रम होतो, जीवसुद्धा जाऊ शकतो. त्या दिवसांत माणूस दवाखान्यातच हवा, आमच्या टेबलाशी नको. आम्ही त्यानंतरचे. दारू बंद झाल्यावर जी संध्याकाळ उरते ना, भली मोठी, सरता न सरणारी, त्या संध्याकाळसाठी आम्ही. साडेसहाची वेळ उगाच नाही ठेवलेली. तलफ घड्याळ बघून येते.

माझा दादा पहिल्यांदा आला तेव्हा तीन गुरुवार त्याने फक्त पेन्सिलींना टोकं काढली.

खरंच. कोपऱ्यातली खुर्ची, पुढ्यात पेन्सिलींचा डबा आणि एक शार्पनर. हात इतके थरथरायचे की पेन्सिल शार्पनरच्या भोकात जाईना. गेली की एक टोक, मोडलं की पुन्हा. दोन तास. सगळ्यांच्या पेन्सिली टोकदार. मी लाजेने अर्धमेली. आमच्या शिकवणाऱ्या ताईंना म्हटलं, त्याला जरा काहीतरी काढायला सांगा ना. त्या म्हणाल्या, "करतोय की तो काम."

हात थरथरणं म्हणजे काय हे त्या नाकातून हसणाऱ्या बाईंना कळणार नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी जगभरची संघटना, आपला जन्मदिवस १० जून १९३५ धरते, माहितीये का? त्या दिवशी तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, डॉ. बॉब, यांनी शेवटची दारू घेतली. ते सर्जन होते, शस्त्रक्रियेला जायचं होतं आणि हात स्थिर राहीनात, म्हणून सोबत्याने त्यांना एक बिअर दिली. तीच शेवटची. एवढ्या मोठ्या चळवळीच्या मुळाशी एक थरथरणारा हात आहे, आणि आमचे गृहस्थ चित्रांचा हिशेब मागतायत.

बरं, मान्य. हॉल फुकट मागतो म्हटल्यावर ते विचारणारच. काही जण घरच्यांना दाखवायला येतात, हजेरी लावतात आणि इथून थेट बारमध्ये जातात, तेही मान्य. आणि ज्यांना अभ्यासच हवेत त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अहवाल आहे, कला आणि आरोग्यावरचा, तीन हजारांवर अभ्यास धुंडाळलेला. मी पूर्ण वाचलेला नाही. ज्याने दादाला टोकं काढताना पाहिलंय त्याला वाचायची गरज नाही.

'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केला. त्याच्या काही वर्षं आधी तो स्वतः क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून होता आणि पडल्यापडल्या चित्रं काढत होता. क्षय चित्रांनी बरा झाला असं कोणीही म्हणत नाही. पण छताकडे बघत काढायचे ते दिवस त्याला हातात पेन्सिल घेऊन काढता आले. यात न कळण्यासारखं काय आहे? आणि आमची तर थेरपीही नाही. चित्र बघून कोणी तुमचं मन वाचत नाही. दारूच्या बाटलीचं चित्र काढा, त्यावर फुली मारा, असले प्रकार तर ताई जवळही फिरकू देत नाहीत.

मग ताई काय करतात, सांगू? सामान आलं की प्रत्येक डबीवरचा कागद वाचतात. थिनर नाही, टर्पेंटाइन नाही, पंक्चरवाले वापरतात तसलं सोल्यूशन नाही, स्पिरिटचे मार्कर नाहीत. सगळं पाण्यातलं. कारण हुंगण्याचं व्यसन सोडलेला पोरगाही त्याच टेबलाशी बसलेला असतो आणि झाकण उघडायचाच अवकाश. कुठल्या छंदवर्गात हे बघतात? प्रदर्शन मांडलं तेव्हाही चित्रांखाली आडनावं लावली नाहीत. का, ते आपल्यातल्यांना सांगायला नको.

ब्रायटनमध्ये न्यू नोट नावाचा ऑर्केस्ट्रा आहे, व्यसनातून सावरणाऱ्यांचाच. लंडनला आउटसाइड एज ही नाटक कंपनी १९९९ पासून हेच काम करतेय. त्यांनाही कोणीतरी चष्मा कपाळावर चढवून विचारत असणारच.

चौथ्या गुरुवारी दादाने डब्यात साठलेली सालपटं कागदावर ओतली. एकेक उचलून गोंदाने चिकटवायला लागला. लाल कड, काळी कड, पिवळी कड. घरी येताना मी विचारलं, काय आहे ते? फुलं? मासा? तो म्हणाला, "काही नाही गं. गोल आहेत." वर्षभरात त्याने माझ्याशी न भांडता बोललेलं ते पहिलं वाक्य.

आता थोडी शांत झालेय, तर हेही लिहिते. आकडा मीसुद्धा ठेवायचे. कपाटातली त्याची बाटली काढून लेबलवर पेन्सिलीने बारीक रेघ मारायचे, आज इथपर्यंत होती. दुसऱ्या दिवशी बरोबर त्या रेघेपर्यंत भरलेली दिसायची आणि मी खूश. पाणी घालायचा तो. मला कळायला दोन महिने लागले. त्याची नजर दारूवर आणि माझी त्याच्यावर, झोप दोघांनाही नाही. अल-अ‍ॅनॉन ही दारुड्यांच्या घरच्यांसाठी १९५१ पासून चालणारी संघटना, ती सांगते की हे तुम्ही घडवलेलं नाही, तुमच्याने आवरणार नाही आणि बरंही होणार नाही. ऐकलं होतं मी. ऐकून काय होतं? गुरुवारी ताईंनी माझ्याही पुढ्यात कागद ठेवला तेव्हा माझ्या हातून एक आडवी रेघ निघाली. मग आणखी एक. पानभर रेघाच. शेवटी रडले, तर शेजारच्या मुलाने काही न बोलता खोडरबर पुढे केला.

तर साहेब, आकडा घ्या. दादा आठ महिने सोबर होता. मग नऊ दिवस प्यायला. हो, स्लिप झाली, लपवत नाही. त्या नऊ दिवसांत एक गुरुवार गेला. पुढच्या गुरुवारी साडेसहाला तो दाराशी उभा, दाढी वाढलेली, आत यायची हिंमत नाही. ताईंनी वर न बघता पेन्सिलींचा डबा टेबलाच्या त्या कडेला सरकवला. आला. बसला. टोकं काढायला लागला. हात पुन्हा पहिल्यासारखेच. आज त्याला पाच महिने झालेत. आता याला कुठल्या रकान्यात टाकू? सुटला की नाही सुटला? नऊ दिवसांचे किती वजा करू?

हे सगळं तिथे बोलायला हवं होतं. तिथे मी फक्त "बरं" म्हणाले आणि फाइल उचलली. राग त्यांचा कमी आणि त्या "बरं"चाच जास्त आलाय बहुतेक.

कोणाकडे गुरुवार संध्याकाळसाठी खोली असेल तर कळवा. पंधरा माणसं, एक मोठं टेबल, ब्रश धुवायला नळ. भिंतीला रंग लागेल, आधीच सांगते. आणि कृपा करून कमेंटमध्ये कोणाचं नाव घेऊ नका.

मघाशी दादाला फोन करून हॉल गेल्याचं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, झालं आता. मग म्हणाला, "पेन्सिली कुणाकडेयत?"

माझ्याकडे आहेत.