मेंदूतलं लोह सलाइनने काढायला निघालेल्यांसाठी

रविवारी सकाळी सदाशिव पेठेत मावशीकडे गेले तर दारामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोखंडी कढई दिसली. भंगारवाल्यासाठी काढून ठेवलेली. ही आजीची कढई, बूड झिजून पातळ झालेली; मावशीकडचं पिठलं आजवर हिच्यातच झालंय. ओट्यावर लोहाच्या गोळ्यांची पट्टी होती, तीन आठवड्यांपूर्वी चार गोळ्या काढल्या होत्या तेवढ्याच. मावशीचं हिमोग्लोबिन ८.९ आहे.

कारण काय, तर भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज. त्यात म्हटलंय, लोखंडी भांड्यांतलं आणि गोळ्यांतलं लोह मेंदूत जाऊन गंजतं आणि त्यातूनच पार्किन्सन, अल्झायमर होतो. हा गंज एमआरआयमध्ये मिलिग्रॅमवर मोजता येतो, म्हणून चाळिशीनंतर प्रत्येकाने तो करून घ्यावा. एमआरआयचं चुंबक थोडं लोह ओढूनही घेतं. उरलेलं 'लोह काढणाऱ्या' दहा सलाइननी निघतं आणि आजार उलटतो. काकांना चार वर्षं पार्किन्सन आहे. मावशीने त्यांच्यासाठी एके ठिकाणी मंगळवारची वेळ घेऊन पाच हजार रुपये आगाऊ भरले होते.

मी अकरा वर्षं एमआरआय मशीनवर टेक्निशियन आहे. हा मेसेज मला आधीही दोनदा आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आधी सलाइनचं बोलते, कारण बाकीच्याने पैसे जातील, याने माणूस जाऊ शकतो.

मेंदूतलं लोह औषधाने कमी केलं तर पार्किन्सन थांबेल का, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. त्यांनी तो नीट तपासला. डिसेंबर २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याचा निकाल आला. नुकतंच निदान झालेले, लेव्होडोपा हे पार्किन्सनचं नेहमीचं औषध अजून सुरू न केलेले ३७२ रुग्ण. निम्म्यांना डेफेरिप्रोन, म्हणजे थॅलेसेमियाच्या मुलांना शरीरातलं जास्तीचं लोह काढायला देतात ते औषध. निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. ३६ आठवडे. एमआरआयमध्ये मेंदूतलं लोह खरंच कमी झालेलं दिसलं. आणि रुग्ण? ते जास्त बिघडले. आजाराची तीव्रता मोजणारे गुण डेफेरिप्रोनवाल्यांत १५.६ने वाढले, दुसऱ्या गटात ६.३ने. त्रास वाढल्याने पार्किन्सनचं औषध मध्येच सुरू करावं लागलं असे डेफेरिप्रोनच्या गटात २२ टक्के होते, दुसऱ्यात २.७ टक्के. डेफेरिप्रोन घेणाऱ्या दोन रुग्णांच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या.

हे असं का व्हावं? मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाली सांभाळणारं रसायन, तयार करणाऱ्या एन्झाइमला काम करायला लोहच लागतं. पार्किन्सनच्या माणसाकडे डोपामिन आधीच कमी, त्यात तुम्ही त्याचा कच्चा आधार काढून घेता. अल्झायमरच्या रुग्णांवरही हेच औषध वापरून पाहिलं गेलं. २०२४ मध्ये त्याचा निकाल आला. तिथेही लोह उतरलं आणि स्मृती-आकलन उलट जास्त वेगाने ढासळलं.

हे झालं मेंदूपर्यंत पोचणाऱ्या औषधाचं. सलाइनमधून सहसा देतात ते ईडीटीए तर रक्तातून मेंदूत फारसं शिरतच नाही. ते शिशाच्या विषबाधेवरचं औषध आहे. त्याचा चुकीचा प्रकार दिल्यामुळे रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून अमेरिकेत माणसं दगावली आहेत, त्यात लहान मूलही होतं. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती काकांच्या डाव्या हाताकडे बघत होती. त्यांचा अंगठा आणि तर्जनी सतत गोळी वळल्यासारखी फिरत असते. ती म्हणाली, "अगं, काहीतरी करावंसं वाटतं ना." तिचा काही दोष नाही. तिच्या या वाटण्यावर जे सलाइनचं पॅकेज विकतात, त्यांचा आहे.

आता मेसेजमधलं अर्धं खरं. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या सबस्टान्शिया नायग्रा या भागात लोह वाढतं, हे खरं आहे आणि ते एमआरआयमध्ये दिसतं हेही खरं. निरोगी माणसाच्या त्या भागाच्या चित्रात भिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी खूण दिसते. पार्किन्सनमध्ये ती बहुधा पुसली जाते. मी स्क्रीनवर ती शोधते तेव्हा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी जागा असते. रुग्णाने मान जराशी हलवली तरी ती हरवते, पुन्हा स्कॅन घ्यावा लागतो.

पण मिलिग्रॅम? मशीन लोह तोलत नाही. लोहामुळे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटतं, ते विस्कटणं आम्ही टिपतो आणि त्यावरून गणित मांडतात. त्याच ठिपक्यात कॅल्शियम असतं, मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण असतं, शिरांतलं रक्त असतं. सगळ्यांचा परिणाम एकत्र येतो. शिवाय लोह निरोगी मेंदूतही असतंच. हॉलग्रेन आणि सोरँडर या संशोधकांनी १९५८ साली मृत्यूनंतरचे मेंदू तपासले, तेव्हा ग्लोबस पॅलिडस या भागात १०० ग्रॅममागे सुमारे २१ मिलिग्रॅम लोह सापडलं, आणि ते तरुणपणीच चढत जातं. धडधाकट माणसाने चाळिशीत हा स्कॅन करून काय ठरवायचं? उपचार बदलेल असं त्यातून काही निघत नाही.

चुंबक लोह ओढतं हे तर साफ खोटं. ते फेरिटिन नावाच्या प्रथिनात कोंडलेलं असतं, मोकळे खिळे नव्हेत. स्कॅन करून उठलेल्या माणसाच्या डोक्यात आधी होतं तेवढंच लोह असतं.

कढईचं थोडक्यात. तिच्यातून अन्नात थोडं लोह उतरतं. पण साठा पुरेसा असेल तर आतडं कमी शोषतं, आणि रक्तातून मेंदूत किती जायचं यावर वेगळा पहारा असतो. गरज नसताना वर्षानुवर्षं गोळ्या घेऊ नयेत, एवढं मान्य. मात्र त्या ग्रुपमध्ये लेकी-सुना आहेत, एकीला सातवा महिना आहे. गरोदरपणी सरकारी दवाखान्यातून रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी देतात ती उगाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. त्यांना "गोळ्या आजच बंद करा" असं सांगणारा मेसेज तुम्ही पुढे ढकलताय.

मंगळवारची वेळ मी फोन करून रद्द केली. पाच हजार परत द्यायला ते तयार नाहीत, तो वाद चालू आहे. मावशीने त्याच दुपारी गोळी घेतली आणि महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासायचं ठरलंय. तिच्या ग्रुपवर आणखी कोणी गोळ्या थांबवल्यात का, हे ती आता एकेकीला फोन करून विचारतेय. कालपर्यंत तिघी निघाल्या.