पर्वती चढायला वेळ कुठून आणायचा?

मागच्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाचीने लिहिलं, की हिंजवडीच्या तिच्या कंपनीने ताणासाठी ऑनलाइन कोर्स ठेवलाय आणि ती तो करणार आहे. दादाने, तिच्या बापानेच, लगेच उत्तर टाकलं, "ॲप बघून ताण जातो होय? पहाटे उठ, पर्वती चढ." खाली पंधरा अंगठे. इकडे जर्मनीत, हॅनोवरच्या ट्राममध्ये मी ते वाचलं, आणि संताप दिवसभर उतरला नाही.

दादा, पर्वती मलाही प्रिय आहे. पण सकाळी सव्वासातला बस गाठून रात्री दहाला घरी येणाऱ्या मुलीने ती चढायची कधी? नारायण मूर्ती 2023 मध्ये आठवड्याला 70 तास काम करा म्हणाले, तेव्हा याच ग्रुपवर टाळ्या पडल्या होत्या. इकडे फायरआबेंडनंतर, म्हणजे कामाची वेळ संपल्यावर, फोन करावा लागला, तर माझा बॉस आधी माफी मागतो.

आणि तरीही इथली माणसं ताणाला दुखणं मानतात. 2020 पासून हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, मनाच्या दुखण्यावरही ॲप रेत्सेप्टवर, औषधाच्या चिठ्ठीवर, लिहून देतो, पैसे क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विमा, भरते. जवळच्याच ल्युनेबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी ताणाखाली असलेल्या 264 नोकरदारांवर सात धड्यांचा ऑनलाइन कोर्स तपासला आणि 2016 मध्ये निष्कर्ष छापले. निम्म्यांना कोर्स लगेच दिला, निम्म्यांना थांबवून ठेवलं. कोर्स केलेल्यांचा ताण सहा महिन्यांनीही दुसऱ्यांपेक्षा बराच कमी होता. त्यात काही जादू नाही. अडचणींचे दोन ढीग करायचे. सुटण्याजोग्या अडचणींवर एकेक पायरी लिहून काम करायचं. न सुटणाऱ्यांसाठी श्वास, स्नायू सैल सोडणं, स्वतःला बोल लावणं थांबवणं.

असाच एक कोर्स मी गेल्या हिवाळ्यात केला. दुसऱ्या ढिगात पहिली ओळ लिहिली, 'आई तिकडे, मी इकडे.' आधी मराठीत लिहिली, मग जर्मनमध्ये. 'जीव टांगणीला लागतो' याला शब्दच सापडेना. कोचने लेखी विचारलं, घरी हे कोणाशी बोलता? मी कळवलं, रोज व्हिडिओ कॉल असतो. कॉल असतो हे खरं. पण त्यावर मी आठ वर्षं "मजेत" एवढंच सांगत आलेय.

दादाला ग्रुपवर उत्तर दिलेलं नाही. आईला दवाखान्यात तोच नेतो, रात्री तोच उठतो. त्याला पर्वतीवरून सुनावण्याचा हक्क मला कुठून आला, इथे माझं बोट अडतं.

भाचीला मात्र वेगळा मेसेज केला, कोर्स अर्ध्यात सोडू नकोस म्हणून. तिने विचारलं, "आत्या, तू पण?"

हो म्हटलं. मग तासभर बोललो.