इलेक्टरला बांधा, अधिकाऱ्यालाही

आमच्या सांगलीच्या आतेभावाचं ठरलेलं पालुपद आहे, "तुमच्याकडे बरंय, आमदारांना आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला न्यावं लागत नाही." जून 2022 पासून हे ऐकतेय. मी दरवेळी सांगते, अरे, फोडाफोडीचे उद्योग इथं अमेरिकेतही होतात. इथं डोळा इलेक्टरवर असतो, आणि त्याच्याआडून राज्याच्या अधिकाऱ्यांवर.

मी वॉशिंग्टन राज्यात राहते. मतपत्रिका टपालानं घरी येते. तिच्यावर अध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावं असतात, पण अध्यक्ष प्रत्यक्षात निवडणाऱ्या इलेक्टरांची नसतात. देशभरात ते 538, आमच्या राज्याचे 12. बहुतेक पक्षाचे जुने कार्यकर्ते. डिसेंबरात ते राज्याच्या राजधानीत, ऑलिंपियाला जमून राज्यानं दिलेला कौल कागदावर उतरवतात. 2016 मध्ये इथं हिलरी क्लिंटन जिंकल्या, तरी चौघांनी भलतीच नावं लिहिली. तिघांनी रिपब्लिकन नेते कॉलिन पॉवेल यांचं, रिपब्लिकन इलेक्टर फुटून ट्रम्प अडतील या आशेनं. राज्यानं चौघांनाही प्रत्येकी 1000 डॉलर दंड केला.

कोलोरॅडोत एकानं छापलेलं क्लिंटन यांचं नाव खोडून रिपब्लिकन जॉन केसिक यांचं लिहिलं. तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटनं (हा परराष्ट्रमंत्री नव्हे, राज्यातल्या निवडणुकांचा प्रमुख) ते मत बाद केलं, त्याला उठवलं आणि दुसरा इलेक्टर बसवला. दोन्ही प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली. जुलै 2020 मध्ये निकाल आला, तोही एकमतानं : राज्याला इलेक्टरला बांधता येतं, दंड करता येतो, बदलताही येतं.

मला तो निकाल पटतो. मी उमेदवाराच्या नावापुढे खूण केली, तर इलेक्टरचं काम पोस्टमनचं. पत्र फोडून मजकूर बदलायचा त्याला काय अधिकार? पण इलेक्टरला उठवणारा अधिकारीच कौल फिरवायला निघाला तर?

हा प्रश्न सहा महिन्यांतच उभा राहिला. 2 जानेवारी 2021 रोजी ट्रम्प यांनी जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून 11,780 मतं 'शोधा' म्हणून सांगितलं. बायडन यांची आघाडी होती 11,779. मिशिगनच्या विधिमंडळातल्या रिपब्लिकन नेत्यांना आधीच व्हाइट हाउसमध्ये बोलावणं झालं होतं. सात राज्यांत तर ट्रम्प समर्थकांनी इलेक्टर म्हणून स्वतःचीच प्रमाणपत्रं तयार केली. रॅफेन्सपर्गर रिपब्लिकनच, तरी बधले नाहीत. पण एका माणसाच्या कण्यावर निवडणूक तोलून धरणं मला काही सुखाचं वाटत नाही. इथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, 2022 अखेर कायदा बदलला, तो म्हणूनच. आता इलेक्टरांची नेमणूक मतदानाच्या दिवसापूर्वी असलेल्या राज्याच्या कायद्यानुसारच होते, आणि इलेक्टरांच्या मतांच्या संसदेतल्या मोजणीत उपाध्यक्षांचं काम केवळ औपचारिक उरलं आहे.

आतेभावाला वाटतं, हाच दांडका आपल्या राष्ट्रपती निवडणुकीतही हवा. मला नाही वाटत. तिथं महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175 असतं, मतदान गुप्त असतं आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही. 1969 मध्ये इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाचा कौल मागितला आणि स्वतःच्याच पक्षाचे संजीव रेड्डी पडून व्ही. व्ही. गिरी निवडून आले. 2007 मध्ये शिवसेनेनं भाजपची साथ सोडून प्रतिभाताई पाटलांना मतं दिली. पाण्याच्या नाहीतर रस्त्याच्या प्रश्नावर आमदार निवडणाऱ्यानं राष्ट्रपतीबद्दल त्याला काहीच बजावलेलं नसतं. मग बांधायचं कशाला?

सरकार बनवायच्या वेळची गोष्ट वेगळी, तिथं त्याची तक्रार रास्त आहे. पण पक्षांतरबंदी कायदा आमदाराला मतदाराशी बांधत नाही, पक्षाशी बांधतो. आणि पक्ष फुटला की अपात्रतेचा फैसला विधानसभाध्यक्षांकडे, जे स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिवसेनेच्या फुटीचं प्रकरण त्यांच्याकडे सोपवलं, निर्णय आला जानेवारी 2024 मध्ये. तोवर सरकारची निम्म्याहून अधिक मुदत सरली होती.

इथंही फट उरलीच आहे. इलेक्टर कसे नेमायचे हे ठरवायचा अधिकार राज्यघटनेनं विधिमंडळांना दिलाय, आणि साउथ कॅरोलायनात 1860 पर्यंत ते थेट विधिमंडळच निवडत असे. मतदानाच्या आधीच एखाद्या राज्यानं तोच मार्ग पुन्हा धरला, तर 2022 चा कायदा त्याला अडवू शकणार नाही.