आजाराची बातमी झाली, पाण्याची राहून गेली

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण वाढायला लागले तेव्हा आमच्या घरचा फोन दिवसातून दोनदा वाजत होता. आईबाबा किरकटवाडीत राहतात, मी इंग्लंडच्या नैर्ऋत्येला एक्सेटरमध्ये. बाबा विचारायचे, बाहेर पडायचं का? शेजारच्या काकू म्हणतात चिकन बंद करा, करायचं का? ही सगळी भीती टीव्हीवरून घरात आलेली होती. वाहिन्यांवर दिवसभर रुग्णांचे आकडे सरकत होते आणि ‘नवा आजार’ असा घोष चालला होता.

आजार नवा नव्हता. 1916 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं आणि जगात दरवर्षी लाखात एक-दोघांना तो होतोच. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. त्यामागचा सर्वांत नेहमीचा संसर्ग कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचा, आणि पुण्यातल्या अनेक रुग्णांच्या नमुन्यांत तोच सापडला. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले आणि काहींचे जीवही गेले. सर्वाधिक रुग्ण नांदेड (मराठवाड्यातलं नव्हे, पुण्याजवळचं गाव), किरकटवाडी, धायरी या एकाच पट्ट्यातले. एकाच पट्ट्यात एवढे रुग्ण म्हटल्यावर पहिला प्रश्न पाण्याचाच यायला हवा होता.

तो आलाही, पण आठवडाभरापुरता. नांदेडच्या विहिरीवर कॅमेरे पोचले. खडकवासला धरणाचं पाणी या गावांना जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता, नुसतं क्लोरीन टाकून मिळत होतं, हे तेव्हा राज्यभर कळलं. खासगी आरओ केंद्रांचे नमुनेही खराब निघाले, महापालिकेने त्यांना टाळं लावलं. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही गावं 2021 मध्ये महापालिकेत घेतलेल्या 23 गावांपैकी. म्हणजे जीबीएसची पहिली बातमी येण्याआधी साडेतीन वर्षं तिथले लोक शुद्ध न केलेलं पाणी पीत होते. ही खरी बातमी होती. रुग्ण कमी झाले आणि ती विझली.

इथे इंग्लंडमध्ये आदल्या वर्षी असंच घडलं होतं. मे 2024 मध्ये एक्सेटरपासून फार लांब नसलेल्या ब्रिक्सहॅम गावात लोकांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पाणी ठीक आहे, असं पाणी पुरवणाऱ्या कंपनीने आधी सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी उकळून प्या म्हणून कळवलं. नळाच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी होता. सुरुवातीला सुमारे 17,000 घरांना आणि दुकानांना ही सूचना होती, शेवटच्या घरांची ती जुलैत उठली. श्रीमंत देशातही नळातून आजार येतो. इथल्या नद्यांमध्ये आणि समुद्रात 2024 साली मैलापाणी छत्तीस लाखांहून अधिक तास सोडलं गेलं. त्यामुळे इंग्लंडचं सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही.

पण तो छत्तीस लाखांचा आकडा मला माहीत आहे, आणि माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. इथे मैलापाणी नदी-समुद्रात सोडणाऱ्या प्रत्येक तोंडाशी मोजणी यंत्र बसवणं बंधनकारक केलं आणि पर्यावरण खातं दरवर्षी ते आकडे जाहीर करतं. आकडे आले की वर्तमानपत्रांना बातमी मिळते, समुद्रात पोहणाऱ्यांच्या संघटना रस्त्यावर येतात, खासदारांना उत्तर द्यावं लागतं. आजार पसरलेला नसतानाही पाण्याची बातमी होते. आपल्याकडे ती व्हायला माणसं आजारी पडावी लागतात.

पुण्यात नद्यांवर चर्चा कमी नाही. मुळा-मुठा शुद्ध करण्यासाठी जपानी कर्जातून सांडपाणी केंद्रं बांधायचा प्रकल्प 2016 मध्ये मंजूर झाला आणि वर्षानुवर्षं रेंगाळला. दरम्यान काठ सुशोभीकरणाचं, कित्येक पट खर्चाचं काम जोरात सुरू झालं. मैला थांबवायच्या आधी काठ सजवायला घेणं मला पूर्णपणे चुकीचं वाटतं. आणि या वादात धरणाच्या वरच्या अंगाला काय चाललंय, हे कुणी बोलतच नाही. खडकवासल्याच्या बॅकवॉटरला लागून गावं वाढली, हॉटेलं-रिसॉर्ट उभी राहिली. त्यांचं सांडपाणी ज्या जलाशयात उतरतं, तोच जलाशय शहर पितं.

तिथे बसून सल्ले देऊ नका, असं मला आमचेच नातेवाईक ऐकवतात. पण ज्या नळाचं पाणी आई रोज भरते त्याबद्दल मी गप्प का बसावं?

मागणी साधी आहे. नळाच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावं, असं आपलं राष्ट्रीय मानक सांगतं. महापालिका ते तपासतेच. साथीच्या काळात काही नमुन्यांत ते शून्य निघालं, हेही छापून आलं. मग प्रत्येक टाकीचा हा आकडा रोज लोकांसमोर का येऊ नये? हवामानाच्या चौकटीशेजारी वर्तमानपत्रांना तो सहज छापता येईल. नांदेडच्या टाकीत क्लोरीन शून्य, हे वाचून बाबा त्याच सकाळी वॉर्ड ऑफिसला जातील आणि सोसायटीतली चार माणसं सोबत नेतील.