उजव्या कानाचा नाणेघाट

जुन्नरहून नाणेघाट साधारण 30 किलोमीटर. निघताना भाच्याने मोबाइलवर बारा ऑडिओ फायली पाठवल्या. "गाईडची कटकट नाही मामा. थांबाल तिथली फाइल लावायची. कुकडीचं अख्खं खोरं कानात." सांगायचं एवढंच राहिलं की आत आवाज दोन होते. डाव्या कानात सगळं जाणणारे आजोबा, उजव्यात त्यांचा नातू.

आमच्याकडे इअरफोन एकच, तोही वायरवाला. गाडी चढाला लागली की हिच्या उजव्या कानाला दडे बसतात. म्हणून डावं बोंडूक तिचं, उजवं माझं.

पूरला कुकडेश्वराच्या देवळासमोर पहिली फाइल लावली. बराच वेळ काहीच नाही. मग माझ्या कानात एक पोरगा म्हणाला, "हो का?" पुन्हा शांतता. "बाप रे!" मग गुरांच्या घंटा. शेजारी ही कोरीव दगडांकडे बघत मान डोलावत होती.

"काय म्हणतोय?"

"शू! कुकडी इथं उगम पावते."

"म्हणजे माणिकडोह धरणात तेच पाणी?" माझा नातू म्हणाला. हुशार होता बिचारा. पण त्याला माहिती सगळी प्रश्नातच.

त्यात ती वायर. दोन हात लांब, तिचा अर्धा फोनकडेच जातो. एका जोखडाला बांधल्यासारखे चालत होतो. ती फोटोसाठी थांबली की माझी मान मागे. समोरून आलेल्या म्हशींनी आदराने वाट दिली. त्यांना आमच्यात कुणीतरी ओळखीचं वाटलं असावं.

नाणेघाटात वारा असा की टोपी हातात धरून चालावं. "एवढा मोठा?" नातू किंचाळला.

"काय एवढा मोठा?"

तिने दगडी रांजणाकडे बोट केलं. "जकातीचा, असं म्हणतात. कल्याण-सोपाऱ्याचा माल या घाटाने वर जुन्नरला यायचा. नाणी यात टाकायची." सातवाहनांचा व्यापार तिने तीन वाक्यांत आटपला. घरी भाजीवाल्याशी झालेलं बोलणं सांगायला तिला अर्धा तास लागतो.

"नुसते पाय?" हे मात्र मला लगेच कळलं. लेण्याच्या मागच्या भिंतीवर ब्राह्मीत नावं आहेत, सिमुक सातवाहन, सातकर्णी, राणी नागनिका. खालचे पुतळे गेले, पावलं तेवढी राहिली. राजांचे पाय तेवढे उरलेत, माझे नेमके तेच गेले होते.

"अजून?" नातू म्हणाला. थोड्या वेळाने, "अजून?" मग, "अजूनही?"

"अगं, काय अजून?"

"दान. अश्वमेध, राजसूय केले, त्यांची दक्षिणा. गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी. आकड्यांसकट. सगळं लिहून ठेवलंय." शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे बघून म्हटलं. आमच्याकडचा हिशेब तोंडी असतो, पण विसरत कुणी नाही.

पावलं बघायला वाकलो आणि वायर उपटली. "आता असंच लाव," ती वैतागून म्हणाली. स्पीकर सुरू झाला. पहिल्यांदाच आजोबा ऐकले! भारदस्त आवाज लेणीभर घुमला. वाऱ्यापासून आडोशाला आलेली कॉलेजची पोरं गुपचूप मांडी घालून बसली. फाइल संपल्यावर त्यातल्या एकाने वीसची नोट पुढे केली. "काका, गाईडचे किती?"

मी नको म्हणेपर्यंत हिने ती पर्समध्ये टाकलीसुद्धा. "नाणेघाट आहे," म्हणाली, "जकात सोडायची नसते."