म्हणे, छप्पर म्हटलं की थोडं गळणारच! का गळणार?

"पत्र्याचं छप्पर म्हटलं की थोडंफार गळणारच." हे वाक्य आता पुन्हा कुणी माझ्यासमोर उच्चारलं तर माझा तोल जाईल. का गळणार? गळू नये म्हणूनच घालतात ना छप्पर? भिंतींना ओल धरली, रंगाचे पोपडे निघाले, कपाटातल्या गाद्यांना कुबट वास सुटला, रात्री-अपरात्री उठून बादल्या सरकवतोय आम्ही. आणि ज्यानं हे काम केलं तो फोनवर शांतपणे सांगतो, "यंदा पाऊसच जास्त आहे." अहो, पाऊस जास्त आहे म्हणून तुमचे स्क्रू चुकीच्या जागी गेले का?

वर चढून बघितलं आणि डोकंच फिरलं. नागमोडी पत्र्याला स्क्रू उंचवट्यावर मारतात, कारण पाणी वाहतं खालच्या घळीतून. इथं रांगच्या रांग घळीत मारलेली. म्हणजे पाण्याच्या वाटेत नेमकं भोक! त्यावरचे रबरी वॉशर बघा. मशीन इतकं दाबलंय की रबर चेपून कडेनं बाहेर आलंय, चिरलंय. शेजारचा स्क्रू तिरका, त्याचा वॉशर एका बाजूनं टेकलेलाच नाही, फटीत नख सहज जातं. आणि सगळ्यात संतापजनक प्रकार म्हणजे हुकलेले स्क्रू. खालच्या लोखंडी पट्टीला लागला नाही, म्हणून काढला, दोन बोटं सरकून दुसरा मारला आणि पहिलं भोक तसंच सोडलं. उघडं! खाली उभं राहिलं की त्यातून आकाश दिसतं. ज्यानं ते पाडलं त्याला दिसलं नसेल? दिसलं असणारच. पण खाली राहणार दुसरं कुणीतरी, मग टाका पाट्या.

पत्रे जिथं एकमेकांवर चढतात तिथली तऱ्हा वेगळी नाही. वरचा पत्रा खालच्यावर निदान 15 सेंटिमीटर यायला हवा, उतार कमी असेल तर त्याहून जास्त. आमच्याकडे चार बोटंसुद्धा नाही. पत्रे कमी पडले, मग आहेत तेच ताणून बसवले. वारा सुटला की पाणी त्या फटीतून उलटं वर चढतं आणि आत येतं.

तक्रार केली की माणूस येतो, हातात सिलिकॉनची बंदूक. खाली जिथं थेंब पडतो त्याच्या बरोब्बर वर जाऊन फासतो आणि निघून जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पाणी आत शिरतं वरच्या अंगाला, पट्टीच्या कडेनं वाहत येतं आणि टपकतं भलतीकडेच. उतारानं वर वर शोधत जायला हवं, एवढं ज्याला कळत नाही त्यानं छपराचं काम घ्यावंच का? बरं, फासलेलं टिकतंय म्हणावं तर तेही नाही. पत्रा उन्हात तापतो, रात्री निवतो. 6 मीटर लांबीचा स्टीलचा पत्रा 40 अंशांच्या फरकानं जवळजवळ 3 मिलिमीटर लांबतो आणि परत आखडतो. हे रोजचं. धुळीवर आणि गंजावर चोपडलेला तो लगदा किती दिवस धरून राहणार? साल निघावी तसा निघतो आणि त्याच्याखाली पाणी साठून पत्रा आणखी लवकर सडतो. पत्रा भिंतीला मिळतो तिथंही असलीच मलमपट्टी. भिंतीत खाच घेऊन पत्र्याची पट्टी रोवायची सोडून नुसतं सिमेंट थापलंय. हलणाऱ्या पत्र्याला सिमेंट धरणारच नव्हतं, लांबच लांब तडा गेलाय.

त्यातून आता नवीन शोध लागलाय, "गळत नाही हो, पत्र्याला घाम येतो." येतो ना, आम्हालाही माहीत आहे. पण घाम पाऊस नसतानाही येतो, पहाटे बऱ्याचशा पत्र्याला आतून बारीक थेंब धरतात. आमच्याकडे पाऊस लागला की त्याच त्या स्क्रूंपासून तपकिरी ओघळ निघतात आणि पाऊस थांबला की थांबतात. याला घाम म्हणता? आम्ही काय बुद्दू आहोत?

आणि हो, पत्रे कापले तेही छपरावरच. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी रंग जळाला, लोखंडाचा कीस तिथंच पडून राहिला. केरसुणी फिरवायचे कष्ट घेतले नाहीत. आता त्या सगळ्या पट्ट्यात गंजाचे ठिपके उठलेत. नव्या पत्र्यावर!

आता आम्हाला सबबी नकोत आणि टोलवाटोलवी तर अजिबात नको. घळीतले सगळे स्क्रू निघाले पाहिजेत. ज्या पत्र्यांची चाळण झालीय ते बदला, बाकीचे उचलून पुरेसे एकमेकांवर चढवून पुन्हा बसवा, भिंतीकडची पट्टी रीतसर खाच घेऊन रोवा. हे सगळं तुमच्या खर्चानं, कारण आम्ही पूर्ण कामाचे पूर्ण पैसे मोजलेत. आणि यापुढे नुसती सिलिकॉनची बंदूक घेऊन कुणी आलं, तर त्याला शिडी लावू देणार नाही.